पाय पोचायला हवेत

॥ श्री ॥
बंगळूर, १४ जानेवारी २००२

तीर्थरूप श्रीरंगकाकांस,
ज्ञानदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ यंदा कागदावरूनच घ्या. गोड बोलायची सक्ती तुमच्यावर नाही, तुम्हाला ते जमतही नाही.

ज्यासाठी आमच्या कंपनीने आम्हा तिघा वैमानिकांना इथे पाठवलंय, ते नवं हेलिकॉप्टर काल मी उडवलं! लहानसं, पाच माणसांचं, टर्बाइन इंजिनाचं. अजून एकच तयार झालंय. विकायला काढण्याआधी कारखान्याला चालवणाऱ्यांची मतं हवी आहेत. तुमच्या हवाई दलातल्या पिस्टनवाल्या यंत्राचा खडखडाट तुम्ही जेवताना तोंडाने करून दाखवायचात आणि काकी वैतागायची, आठवतं? हे त्यातलं नव्हेच. बटण दाबलं की बारीक शीळ घालत सुरू होतं आणि भर दुपारी चार माणसं घेऊनही कुरकुर न करता वर चढतं. समोर पायापर्यंत काच. खालची नारळाची झाडं बुटांच्या मधून दिसतात.

आमच्यातले सुमेध कदम सहा फुटांच्या वर आहेत. ते तर प्रेमातच पडलेत, उतरल्यावर त्याची पाठ थोपटतात. कॅप्टन सेबॅस्टियन आपल्या शेजारच्या निर्मळ गावचे, सगळ्यांत अनुभवी. त्यांचं नाक मात्र मुरडलेलं. म्हणतात, जुनं यंत्र थरथरून काय दुखतंय ते सांगायचं, हे इतकं गुळगुळीत की काही बिनसलं तर कळणार कसं? शिवाय त्या काचेखाली ऊन असं लागतं की पापड वाळत घालावेत.

आता खरी गोष्ट, फक्त तुमच्यासाठी. माझे पाय पोचत नाहीत. शेपटी वळवायची पेडलं एका जागी पक्की बसवली आहेत, पुढे-मागे होत नाहीत. मी जॅकेट गुंडाळून पाठीमागे घेतलं आणि कोणाला कळू दिलं नाही. पण जमिनीजवळ तरंगत असताना आडवा वारा आला, डावं पेडल पुरतं दाबायला गेले आणि पाय मध्येच संपला. शेजारी कारखान्याचा वैमानिक होता, त्याने सावरलं. त्याला वाटलं मी बिचकले.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर आपापलं मत सांगायचंय. त्यानंतर कंपनी दोघांना या यंत्रावर सर्वांत आधी तयार करणार. ते व्हावं म्हणून मी सहा वर्षं जुनी धुडं हाकली. आता मी बोलले तर म्हणतील, हिच्या मापाचं नाही, उंच माणसं घ्या. नाही बोलले तर जॅकेट घेऊन किती दिवस उडू? काका, काय करू? लवकर लिहा.

काकीला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
ज्ञानदा

॥ श्री ॥
नंदाखाल, १८ जानेवारी २००२

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बोळिंजला फोन करून तुझ्या आईबाबांनाही खुशाली कळवली, पायांची भानगड वगळून. तुझी आई आधीच हेलिकॉप्टर म्हटलं की देव पाण्यात ठेवते.

टर्बाइनचं ऐकून हेवा वाटला. सेबॅस्टियनला सांग, थरथर हवी असेल तर आमच्या वाडीतल्या पंपावर येऊन बसावं. उष्णता किती चढते, ताकद मागितली की लगेच देतं की जरा विचार करून देतं, सगळं सविस्तर लिही. तू अर्धं पत्र पापडांवर घालवलंस.

पायांबद्दल माझं स्पष्ट मत, गप्प बस. वैमानिकाने यंत्राशी जुळवून घ्यायचं असतं, यंत्राने वैमानिकाशी नव्हे. आमच्या वेळी माझे गुडघे कुठे कुठे आपटायचे, मी कधी हूं की चूं केलं नाही. चांगली जाड उशी शिवून घे, आधी त्या दोघांत नाव लागू दे, मग तोंड उघड. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट अशी हातची घालवू नकोस. तुझ्या काळजीपोटी सांगतोय.

इकडे सगळं झकास. राजेळी केळीचे घड उत्तम आले. ओटीवरचा झोपाळा उतरवून पॉलिश केला, नव्या पितळी कड्या आणल्या आणि आलोशियस सुताराकडून पुन्हा टांगून घेतला. तो उंची विचारत होता. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी टांगला होता तीच, एक बोटही इकडे-तिकडे नको. संध्याकाळी तुझ्या काकीला बसवून झोका देतो. राणीसारखी बसते.

काकी घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी वेगळी पाठवते आहे. सगळी एकटीने खाऊ नकोस. जपून राहा, आणि आमची आठवण पत्रातून येत राहू दे.

तुझा,
श्रीरंगकाका

नंदाखाल, १९ जानेवारी

चि. ज्ञानदा हिस आशालताकाकीचे अनेक आशीर्वाद.

सुकेळ्यांच्या पुडक्यात ही चिठ्ठी घालते आहे. ह्यांना ठाऊक नाही. ह्यांनी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, 'फक्त तुमच्यासाठी'सकट. तुझ्या काकांच्या पोटात काही राहत नाही.

मला तुमच्या यंत्रातलं काही कळत नाही. झोपाळ्याचं तेवढं कळतं. मामंजी उंच, हे उंच, झोपाळाही उंच. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझे पाय त्यावर अधांतरी. पायाखाली पाट घेते. पाट घेतला की पाय टेकतात, पण मग झोका घेता येत नाही. पाट काढला की कोणीतरी झोका द्यायची वाट बघायची. ह्यांना वाटतं, मला ते आवडतं. मी कधी बोलले नाही, म्हणून यंदा नव्या कड्या आल्या तरी उंची तीच राहिली.

रडगाणं नव्हे हो हे. माझं छान चाललंय. तुझं पत्र ऐकलं आणि आपलं आठवलं, इतकंच. सुकेळी सादळू देऊ नकोस. लवकर भेटायला ये, डोळे वाटेकडे आहेत.

तुझी,
काकी

॥ श्री ॥
बंगळूर, २६ जानेवारी २००२

ति. काका आणि काकी यांस ज्ञानदाचा सा. न.

काका, रागावू नका. मी बोलले.

सुमेधनी आधी यंत्राचं तोंड भरून कौतुक केलं. सेबॅस्टियननी थरथरीची कैफियत मांडली. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, इतकं देखणं, इतकं आज्ञाधारक यंत्र मी आजवर चालवलं नाही, पण माझा पाय डाव्या पेडलाच्या शेवटापर्यंत पोचत नाही, आणि त्या दिवशी वाऱ्यात मी बिचकले नव्हते. जॅकेटचंही सांगितलं. आमचे मुख्य साहेब टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सुमेधनी घसा खाकरला आणि ओशाळून सांगितलं की त्यांचा गुडघा पहिल्या दिवसापासून समोरच्या पट्टीवर आपटतोय, काळानिळा झालाय. सेबॅस्टियन इतके हसले की काय सांगू! म्हणाले, आपण तिघे यंत्राची परीक्षा घ्यायला आलो आणि एकेक जण आपलीच परीक्षा देत बसला. कारखान्याच्या मुख्य बाईंनी हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही म्हणून आम्हाला चांगलं झापलं.

पेडलं आता पुढे-मागे सरकणारी करणार आहेत. माप घ्यायला एप्रिलमध्ये मला आणि सुमेधना पुन्हा बोलावलंय, एक सर्वांत बुटकी आणि एक सर्वांत उंच. पहिल्या दोघांत माझं नाव नाही. सुमेध आणि सेबॅस्टियन जातील. मी तिसरी, नवी पेडलं बसल्यावर. रात्री थोडं रडले, खोटं कशाला सांगू. पण सकाळी उठले तर अगदी हलकं वाटत होतं, आणि जॅकेट अंगातच घातलं.

सुकेळी सेबॅस्टियननी पुडकं सोडायच्या आधीच वासावरून ओळखली. निम्मी त्यांनीच संपवली.

काका, बोलायचं धैर्य कुठून आलं ते मी सांगणार नाही. तुम्ही एकदा संध्याकाळी झोपाळ्यावर काकीशेजारी बसा आणि जरा खाली बघा.

मे महिन्यात येते. तोवर दोघांचा आशीर्वाद पाठीशी असावा, आता तिथे जॅकेट नाही.

तुमची,
ज्ञानदा

॥ श्री ॥
नंदाखाल, ३ फेब्रुवारी २००२

चि. ज्ञानदास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. माझा सल्ला धुडकावलास त्याबद्दल आधी रागावलो, मग चहा घेतला, मग अभिमान वाटला. तिसरी तर तिसरी. नीट पाय टेकून उडशील, मला आणखी काय हवं?

तू सांगितल्याप्रमाणे खाली बघितलं. पाट दिसला. तो तिथे नेहमीच असतो, मला वाटायचं काकीला सवय आहे. तिला विचारलं तर आधी काही नाही म्हणाली, मग हसली, मग डोळ्याला पदर लावला. पोरी, मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आलोशियसला बोलावलं. प्रत्येक साखळीत दोन-दोन कड्या वाढवल्या. तो म्हणाला, साहेब, मी उंची विचारत होतो ती याचसाठी. आता मी बसलो की गुडघे हनुवटीला लागतात. तुमच्या त्या कारखान्याच्या बाईंकडे तक्रार करावी म्हणतो.

काल संध्याकाळी सवयीप्रमाणे झोका द्यायला मागे जाऊन उभा राहिलो. तुझ्या काकीने मला शेजारी बसायला सांगितलं, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि स्वतःच झोका घेतला.

मेमध्ये ये. तिघं बसू, झोका ती देईल. तोवर आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रीरंगकाका