मंदाचे उघडे डोळे

रविवार, सांगली

मंदाशी आज बोलले एकदाचं. चर्चचे पाळक हे, पण असलं अवघड बोलायचं काम नेहमी माझ्याकडे. मंदा मेढ्याजवळच्या कातकरी वस्तीतली, इथं नर्सिंगला आहे. रविवारची विद्यार्थ्यांची प्रार्थनासभा कधी चुकवत नाही. पण सगळे डोळे मिटतात तेव्हा हिचे टक्क उघडे. बाकीच्या पोरी कुरकुरतात. पुढच्या रविवारी तिच्याच वस्तीवर जायचंय, प्रार्थना तिनंच चालवायचीय. तिथंही असेच उघडे ठेवणार?

सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना विचारलं. शांतपणे म्हणाली, "काकू, मी ल्हान असताना तुमी मंडळी वस्तीवर यायचा, डोळं मिटून आमच्यासाठी मागायचा. तवा आमी पोरं तुमची तोंडं बघत बसायचो. कोण मनापासनं मागतंय, ते तोंडावर दिसतं. डोळं मिटायलाच लावणार असाल, तर मी न्हाई चालवत."

त्या मंडळींत मीही असायचे. माझं तोंड तेव्हा कसं दिसायचं, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. का नाही विचारलं? नुसती सतरंजी उलगडून पुन्हा गुंडाळत राहिले.

मघाशी जेवणाआधी हे नेहमीसारखी प्रार्थना म्हणू लागले. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं.

यांचेही उघडेच होते. प्रार्थना म्हणत माझ्या तोंडाकडे बघत होते. कधीपासून, कोण जाणे.