वहिनींच्या पुस्तकाला एक तारा

मंगळवार, ३ जून
वहिनींच्या पाककृतींच्या पुस्तकाला इंटरनेटवर एक तारा. पाचपैकी एक! ठाण्याच्या कुणी बाई आहेत. लिहितात, "पान बारावरचा अख्खा मसूर केला. चार चमचे चटणी घातली. हिरवागार झाला. मिस्टर उठून गेले. कुणी घेऊ नये."
दोनदा वाचलं. मसूर हिरवा कसा होईल? मराठीच्या मास्तरकीत छत्तीस वर्षं चुकाच काढल्या, पण या बाईंची कुठली ते कळेना.
वहिनींचा फोन. "भावजी, बघितलासा का?" म्हटलं, लक्ष देऊ नका. "कसं न्हाई देणार? बारा जणांनी त्याला 'उपयुक्त' म्हटलंय की!"

बुधवार, ४ जून
ठरलं. आपणच परीक्षण लिहायचं, उपयुक्त. सकाळभर बसून दीड पान झालं. 'ओघवती शैली', 'मातीचा गंध', वगैरे. मंदाला वाचून दाखवलं. बायको असून टाळी नाही. म्हणाली, "समदं खरं, पण मसूर शिजला का न्हाई ते कुठं हाय ह्यात?"
राग आला. मग फाडलं.

शुक्रवार, ६ जून
उपयुक्त लिहायचं तर करून बघायला हवं. ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून अख्खा मसूर स्वतः केला. (कढई जरा लागली. ते इथंच राहू दे.) लालभडक, झणझणीत. हिरवा कुठून होतोय?
मंदा जेवता जेवता, "त्या बाईनं चटणी कसली घातली म्हणायची?"
म्हटलं, कसली म्हणजे? चटणी म्हणजे चटणी.
आणि घास तोंडातच राहिला. आपल्याकडं चटणी म्हणजे बरणीतलं लाल कांदा-लसूण तिखट. ठाण्यात चटणी म्हणजे कोथिंबीर-खोबऱ्याची, सँडविचला लावायची! बाईंनी ती चार चमचे मसुरात ओतली. हसून हसून दोघांना ठसका.

शनिवार, ७ जून
हौसेनं वहिनींना सांगायला गेलो. दादा खो खो हसला. वहिनी नाही.
"म्हंजे चूक माझीच की. सातवी शिकलेल्या बाईनं पुस्तक लिवायचंच कशाला? आता मी कायबी लिवत न्हाई."
लोणच्यांचं पुस्तक अर्धं लिहून झालंय त्यांचं. ती वही त्यांनी माझ्यादेखत कपाटात टाकली. दादाचंही हसू गेलं. चहा न घेता परत आलो. फार वाईट वाटलं.

सोमवार, ९ जून
वहिनींच्या मूळ वह्या माझ्याकडेच आहेत, पुस्तक मीच तपासलं होतं. आज काढल्या. पहिल्याच पानावर त्यांच्या गोल अक्षरात: 'कांदा-लसूण चटणी (लाल, तिखटाची)'. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. सगळीकडे स्वच्छ लिहिलंय.
आणि सगळीकडे 'चटणी' एवढंच ठेवून बाकी तांबड्या पेनानं खोडलंय. समासात शेरा: 'पुनरुक्ती. चटणी म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको!'
अक्षर माझं.
मंदा खांद्यावरून बघत होती. "आता हे लिवणार का परीक्षणात?" म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला लग्नापासून माहीत आहे.

मंगळवार, १० जून
कबुली न देता लिहून पाहिलं. 'काही किरकोळ मुद्रणदोष...' म्हणजे छापखान्यावर ढकलून मी मोकळा! वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं त्याला. खोडलं. दिवसभर कशात लक्ष नाही.

बुधवार, ११ जून
टाकलं एकदाचं. नक्कल इथं:
"या पुस्तकात 'चटणी' दिसेल तिथे लाल कांदा-लसूण तिखट समजावे. हिरवी चटणी घालू नये. सवय नसेल तर निम्म्यापासून सुरुवात करावी. मीठ किंचित जास्त सांगितले आहे. वांग्याची पाककृती डोळे झाकून करावी. लेखिकेने चटणी कुठली ते प्रत्येक ठिकाणी लिहिले होते. तपासनिसाने शहाणपणा करून खोडले. तो तपासनीस मी, त्यांचा दीर. चार तारे. पाचवा माझ्यामुळे गेला."


शुक्रवार, १३ जून
सात जणांना उपयुक्त वाटलं. त्यातली एक मंदा, एक मी. ठाण्याच्या बाईंनी खाली लिहिलंय, "काका, परत केला. मिस्टर रडत रडत दोनदा जेवले." त्यांचा तारा मात्र अजून एकच.
वहिनींचा फोन नाही. दादाला विचारलं. "वाचलं तिनं. मग परत वाचलं."

रविवार, १५ जून
सकाळी वहिनींचा फोन.
"भावजी, मीठ खरंच जास्त झालंय व्हय?"
म्हटलं, किंचित.
मग, "लोणच्याची वही काढलीया मी. संध्याकाळी येऊन वाचा. पर तुमचा तो तांबडा पेन घरात ठिवून या."
ठेवतो म्हणालो. लगेच खिशातून काढून टेबलावर ठेवला. मंदा बघतच होती.
साडेपाचला निघालो. चपला घालून परत आत आलो आणि पेन खिशात टाकला. फक्त ऱ्हस्व-दीर्घापुरता.