ऐकलं ते परत म्हणायचं

३ नोव्हेंबर १९९४
बाप्पा, काय गल्ल्या आहेत! नागपूरहून या घाटांच्या शहरात आलेली मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा गायीनेच वाट अडवली. पण दूधविनायक मोहल्ल्यातली आमच्या मदतकेंद्राची खोली झकास आहे. काम फोन घ्यायचं. अत्याचार सोसलेल्या, जिवाला कंटाळलेल्या बायकांचे. नंदाताईंनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, पहिलाच नियम शिकवला: तिचे शब्द तिला परत म्हणून दाखवायचे, म्हणजे आपलं कुणी ऐकलं हे तिला कळतं. जागा रत्नाकरगुरुजींची. पलीकडच्या खोलीत ते दुपारी पूजा करतात, मुलींना स्तोत्रं शिकवतात. मला पेढा दिला. भला माणूस.

७ नोव्हेंबर
दुपारी एका मुलीचा फोन. सुरुवात हिंदीत, मग माझा सूर ओळखून मराठीवर आली. शिकवणाऱ्यानेच जबरदस्ती केली म्हणाली. त्याचं नाव सांगेना, स्वतःचंही नाही. रोज घाटावर जाऊन पाण्याकडे बघत बसते. मी एकेक वाक्य परत म्हटलं. म्हणाली, ताई, तुम्ही म्हणता तेव्हाच वाटतं की माझं कुणाला तरी खरं वाटतंय. मेलं, मलाही रडू आलं.
पलीकडची घंटा मध्येच थांबली होती. पूजा आटपली असेल.

९ नोव्हेंबर
आज नाव सांगितलं. रुची! उद्या चारला अमृतराव घाटावर भेटते म्हणाली. मी सवयीने सगळं मोठ्याने परत म्हटलं. नाव, वेळ, घाट.
घंटा पुन्हा थांबली.

१० नोव्हेंबर
रुची आली नाही. पायरीवर गुरुजी बसले होते. हसून विचारलं, कुणाची वाट बघतेस, बेटी?
सहाला तिचा फोन. ती आली होती. पायरीवर त्याला बघून पळाली. त्याला —
देवा. मीच सांगितलं. माझ्याच तोंडाने.

११ नोव्हेंबर
नंदाताईंना सांगितलं. त्या हसल्या. गुरुजी देवमाणूस, तुला भास होतात म्हणाल्या.
आमच्या दाराची आतली कडी कुणीतरी काढून नेलीय. नुसती भोकं उरलीत.

१२ नोव्हेंबर, दुपार
रुचीचा फोन. मुन्शी घाटाजवळ लपलीय, घर सांगितलं. थांब म्हटलं, निघतेच म्हटलं —
घंटा थांबली.
दार उघडलं. गुरुजी. हातात पेढ्यांचा द्रोण. मी मान खाली घालून लिहितेय, बघायचं नाही त्याच्याकडे.
ती विचारतेय, ताई, ऐकलंत ना? हो म्हटलं. तिला पुरेना. गप्प राहिले तर ती पाण्याकडे — बोलले तर हा —
म्हणतेय, मी काय म्हटलं ते परत म्हणा ना. एकदाच. नाहीतर मी चालले.
तो समोर बसला. कान इकडे.
ताई, म्हणा ना.
मी