राजमा आणि आडाचं कुलूप

लातूर, ९ एप्रिल १९८३
अक्कानं आज आडाला कुलूप लावलं. थोरली जाऊ म्हणून अक्का. यापुढं फक्त नावाला अक्का. आड दोन्ही घरांच्या मधोमध, सासऱ्यांनी दोन्ही पोरांसाठी खणलेला. माझ्या गौरीला कावीळ. तिच्यासाठी एक कळशी मागितली तर म्हणते, "आमच्या म्हशीलाच पुरंना गं."
ह्यांना सांगितलं. "दुष्काळ हाय, भांडू नको." झालं. टँकरच्या रांगेत सकाळ गेली. विसरणार न्हाई.

१७ एप्रिल
पोरीचे डोळे अजून पिवळे. पलीकडं म्हशीला आंघोळ. खिडकीतून सगळी पाहिली.

२ मे
गौरी उठून बसाय लागली आता. दादा नांदेडहून आला, लाल राजमा घेऊन. मॉरिशसचा भात केला. लग्नाआधी आमच्या माहेरी शीला भाड्यानं राहायची, मॉरिशसची, पणजोबा इकडचे. तिनं शिकवलेला. राजमा रात्रभर भिजवून मऊ शिजवायचा, मूठभर पळीनं चिरडायचा म्हणजे रस दाट होतो. कांदा, लसूण, टोमॅटो, ढोबळी मिरची, ओव्याची पानं. मोकळ्या भातावर ओतायचं. गौरीला बिनतेलाचा, दोन घास. "अजून" म्हणाली. किती दिवसांनी.
वास भिंतीपलीकडं गेला असणार. जाऊ दे.

५ मे
गेलाच. अक्का स्वतः आली. लातूर जिल्हा झाल्यापासून थोरल्या भावजींना नव्या कचेरीतल्या कँटीनचं कंत्राट हवंय. रविवारी तिथले साहेब बायकोसकट जेवायला.
"तसला भात तू कर. मी केला म्हणून सांगते, तुला काय फरक पडतो?"
"राजम्याला पाणी लई लागतं, अक्का. आडाची किल्ली द्या."
दिली.

८ मे, रविवार
साहेबांनी तीनदा घेतलं. त्यांच्या बाईंनी अक्काला विचारलं, ही पानं कसली? अक्कानं ताकाची वाटी पुढं सरकवली. मी वाढता वाढता म्हणाले, "अक्काला कसं ठाऊक असणार, मी केलंय. पाणीसुद्धा यानिमित्तानंच मिळालं. पोरीला कावीळ होती तेव्हा आडाला कुलूप होतं."
कुणाचा हात पुढं होईना. भावजी ताटात बघत. लई बरं वाटलं.
निघताना आडाला कुलूप मी घातलं. किल्ली घरी आणली.

११ मे
अक्का दारात. "किल्ली."
"आमच्या गौरीलाच पुरंना."
महिनाभर हे वाक्य तोंडात घोळवलं होतं. बोलून झाल्यावर पाणी प्याले, गार. ती टँकरला गेली. ह्यांनी बोलणं सोडलंय. कँटीन दुसऱ्या कुणाला मिळालं म्हणतात. मिळू दे.

१३ मे
आज सासूबाई आल्या. अक्काकडं राहतात, गुडघे गेलेले. हातात रिकामी घागर. अक्कानं पाठवलं की आपणहून आल्या, विचारलं नाही. त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.
भरली. उचलून अक्काच्या दारापर्यंत मीच नेली. अक्का आत भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बस." बसले नाही. किल्ली कनवटीला होती, हात तिथवर गेलाही. आणि मग ती म्हशीची आंघोळ डोळ्यांपुढं...
तशीच परत आले.
जेवताना गौरी म्हणाली, "आजीनं उद्या पण घागर घेऊन यायचं का?"
किल्ली आणल्यापासून ह्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. मी भात वाढला.