हिरव्या शेवाळाची सहावी जात

४ मार्च, सकाळ
किनाऱ्यावरच्या खडकांवर जे हिरवं दिसतं ते शेवाळच आहे. लाइफगार्डने दुजोरा दिला. त्यावरून घसरल्यावर त्यानेच मला उचललं, म्हणजे साक्षीदार भरवशाचा. कंबर धरली आहे. पण रिटायर झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न मिटला.

संध्याकाळ
वाचनालयाच्या बाईंनी एक भिंत दिली. रविवारी प्रदर्शन: ‘आपल्या किनाऱ्यावरचं हिरवं शेवाळ’. ओळख पटवणार मी. साडू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. सासरी सगळे काहीही अडलं की त्यांना विचारतात. मला विचारतात, चहा घेणार का. आता बघू.

५ मार्च
बादलीभर शेवाळ आणलं. ओळखणं अगदी सोपं. पातळ पानासारखं ती एक जात. फिकट ती दुसरी. गडद तिसरी. चुरगळलेली चौथी. भोकं पडलेली पाचवी. साडूंना फोन केला, सल्ल्यासाठी नव्हे, कळवायला. म्हणाले, अहो, कोवळं, जून आणि गोगलगाईंनी खाल्लेलं, सगळं एकच असेल. रंगावर जाऊ नका.
मत्सर. दुसरं काय!

६ मार्च
शेवाळ पाण्यात तरंगवायचं, खाली कागद सरकवायचा आणि अलगद उचलायचं. त्यासाठी सिंक ताब्यात घेतलं. ही म्हणाली, माझं सिंक म्हणजे समुद्र नव्हे. वर भांडी घासायची घासणी कुठे गेली म्हणून विचारत होती. संशोधकाला हे विचारतात?

दुपार
शोध लागला! सिंकच्या तळाशी, गाळात, सहावी जात. तंतू विणल्यासारखे दाट, स्पर्श खरखरीत, एक कोपरा कुरतडलेला. वाचनालयातून आणलेल्या शेवाळांच्या पुस्तकात या जातीचा फोटो नाही. पुस्तक जुनं आहे.

७ मार्च
पाचही जाती पिवळ्या पडल्या. घरभर वास. सहावी मात्र जशीच्या तशी हिरवी. उलट लिंबाचा मंद सुगंध येतो. पुन्हा पाण्यात टाकली तर फेस आला. शत्रूला पळवून लावणारा स्राव असावा.
ही चमच्याने पातेलं खरवडते आहे. मुद्दाम मोठा आवाज करते. म्हटलं, नवीन घासणी आण की. म्हणाली, नवीनच होती.
साडूंना सहावीबद्दल कळवलेलं नाही. प्रत्यक्ष बघू देत.

८ मार्च
नव्या जातीला नाव हवं. माझं देणं बरं दिसत नाही. शिवाय ही कालपासून धड बोलत नाही. हिचंच नाव दिलं. कार्डावर वळणदार अक्षरात लिहून फ्रेमखाली लावलं. सांगितलं नाही. उद्या थक्क होईल.

९ मार्च, रविवार
गर्दी बरी होती. लाइफगार्डही आला. साडू पाच फ्रेम बघून म्हणाले, एकच जात आहे, पण कागदावर छान बसवली आहे. सहावीसमोर थांबले. भिंग काढलं. वास घेतला. भिंग पुसून पुन्हा बघितलं. विद्वान निरुत्तर होतो तो असा, असं वाटून मी हात मागे बांधून उभा राहिलो.
मग ही आली. कार्ड वाचलं. डोळे भरून आले. माझ्याकडे बघून हसली. मग तिने मान वर करून फ्रेम बघितली.
अगं बाई, ही तर माझी घासणी, असं ती म्हणाली. वाचनालयात शांतता पाळायची असते, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं.
वाचनालयाच्या बाई फ्रेम उतरवायला निघाल्या. ही म्हणाली, राहू द्या हो, नाव माझं आहे.
घरी येताना साडूंनी मला हळूच विचारलं, घासणी कोणती घ्यावी? आमची फार लवकर झिजते.
इतक्या वर्षांत साडूंनी पहिल्यांदाच माझं मत विचारलं.
फ्रेम महिनाभर भिंतीवर राहील. उद्या दुकान उघडलं की नवी घासणी येईल. उद्घाटन माझ्या हस्ते आहे. खरकटी पातेली सिंकमध्ये भिजत घातली आहेत.