उशीखालचं कार्ड

दादा,

आप्पांची सकाळची गोळी केळ्यात कुस्करून दिली आहे. त्यांना सांभाळणाऱ्या काकू दुपारी जातात, मग पुढची तू दे. गिळली की गालात धरून ठेवली तेवढं बघ. बोलता येत नसलं, एक हात लुळा पडला असला तरी बेरकीपणा कायम आहे.

मला आज उशीर होईल. आमची होडी पाण्यात उतरणार आहे. हो, आमची. मी ऑफिस सोडलंय, होड्यांच्या कारखान्यात फळ्या जोडायला शिकतेय. हल्ली झोपेत पलंग हळूच डुलतो आणि खोलीभर ओल्या लाकडाचा वास दरवळतो. वेड लागलंय म्हण हवं तर. पण आठवड्यातून दोन दुपारी तू आप्पांजवळ बसलास, तर हे वेड मला निभेल. भांडायचं तर माझ्याशी भांड, त्यांच्यासमोर नको.

त्यांनी हाय खाऊ नये म्हणून मी रोज गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवून निघायचे. ते खिडकीतून हात हलवायचे. कोपरा वळला की कार्ड पर्समध्ये.

आज कार्ड कुठेच सापडेना. आप्पांनी खुणेनं जवळ बोलावलं, उशीखाली हात घातला. वाटलं, कार्डच देतायत. तर त्यांनी माझा फळ्या चिकटवायच्या सरसाने कडक झालेला एप्रन पुढे केला, मी कपाटामागे लपवलेला. एका हाताने घातलेली घडी, वाकडीतिकडी.

कार्ड अजून उशीखालीच आहे, त्याची फीत दिसली मला. त्यांच्याकडे मागू नकोस.

ठमी