फेकणाऱ्याचे गुण

बाई, तुम्ही ज्या वयात गेलात, त्याच्या पुढे मी कधीच निघून गेले. जालन्यात दोन खोल्यांत एकटी राहते. हे गेले, मुलगी लग्न होऊन नागपूरला आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. अमेरिकेतल्या फुटबॉलचे सामने बघायचे आणि खेळाडूंना गुण द्यायचे. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात धरून पळतात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. आडदांड माणसं अंगावर येत असताना चेंडू कुणाकडे फेकायचा, ते त्याने ठरवायचं.

आज दुपारच्या मीटिंगमध्ये त्याचे गुण कसे मोजायचे यावर वाद झाला. आमचा साहेब माझ्या मुलीच्या वयाचा. तो म्हणाला, "झेलले गेलेले पास मोजू. गिऱ्हाइकाला तेच कळतं." मी म्हटलं, "बरोबर हातात दिलेला चेंडू समोरच्याने पाडला, तर फेकणाऱ्याचे गुण का कापायचे?" तो म्हणाला, "मॅडम, तो नेमका कुणाला देणार होता, हे तुम्हाला इथे बसून कसं कळणार?" त्याचंही खोटं नव्हतं. झेललेले पास मोजायचं ठरलं, आणि एकेक चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला.

तेव्हा मला भोकरदनचं मैदान आठवलं. राजूरच्या शाळेत तुम्ही आमच्या बाई, आणि खो-खोचा संघ तुमचा. मी पळणारीला खांबाकडे रेटत न्यायची आणि ऐन वेळी बसलेल्या मैत्रिणीला खो द्यायची. ती उठून एकाच झेपेत गडी बाद करायची. उत्तम खेळाडूचं बक्षीस तिला मिळालं. तुम्ही पदर खोचून पंचांच्या टेबलाशी गेलात. "रेटत कोणी आणली, ते बी लिवा की." पंच शांतपणे म्हणाले, "बाई, बाद कोणी केलं तेवढंच आम्ही लिहितो." तुम्ही परत आलात आणि एसटीत माझ्या शेजारी बसलात. मी रडते आहे. तुम्ही आधी रागावता, "डोळे पूस. ती तुझीच मैत्रीण हाय, तिच्यासमोर रडून राह्यली का?" मग गावात उतरल्यावर मला एकटीला घरी नेता. चुलीपुढे बसवून गरम भाकरी आणि पिठलं वाढता, वर लोण्याचा गोळा. म्हणता, "तुला माहीत हाय, मला माहीत हाय. मंग दोघी बस झाल्या की."

मला खरंच बस झालं होतं, बाई. पुढे सासरी, नोकरीत, यांच्या आजारपणात, माझं केलेलं कुणाला दिसलं नाही की मी तुमचं ते वाक्य मनात म्हणायची. पण ते दोघींचं होतं. आज मीटिंग संपल्यावर रिकाम्या घरात ते म्हणायला गेले, तर एकटीच्या तोंडी ते बसेना.

हे पाठवायचं कुठे, म्हणून लिहून इथेच ठेवते. एक सांगायचं राहिलं. काम संपलं तरी मी सामना बंद करत नाही. बघत नसते. भाकरी टाकते, कपडे घडी करते, आणि आतल्या खोलीत हजारो माणसं ओरडत असतात. मला त्यांचं काही कळत नाही. घरात माणसांचा आवाज असला, की बरं वाटतं.